अंगठ्यापासून ठोकळ्यापर्यंत

१

आपल्या समाजाने कागदावर उमटवलेली पहिली आकृती कोणती? उत्तरासाठी फार दूर जावे लागणार नाही. ती आकृती अंगठ्याची आहे. सावकाराच्या खात्यावर, मालगुजाराच्या कबुलायतीवर, कचेरीतल्या जबाबाखाली आमच्या आजोबा-पणजोबांनी जे एकमेव चित्र काढले ते डाव्या अंगठ्याचे. वर लिहिलेला मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. तो त्यांच्यासाठी, त्यांच्या नावाने आणि बहुधा त्यांच्याविरुद्ध लिहिलेला होता. त्यात त्यांचे स्वतःचे असे काही असेल तर तो ठसाच.

हा ठसा कसा उमटतो ते पाहण्यासारखे आहे. अंगठ्याच्या कातडीवर काही रेषा उंच असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक चर असतात. शाई लागते ती उंच रेषांना. चर कोरडे राहतात. कागदावर अंगठा दाबला की उंच तेवढे काळे उमटते. छपाईच्या शास्त्रात हीच उठावाची छपाई. लाकडी ठोकळा, लिनोलियमचा तुकडा, शिशाचा खिळा, रबराचा शिक्का हे सारे याच एका तत्त्वावर चालतात. म्हणजे ज्या तत्त्वावर पुढे जगभरच्या चित्रकारांनी आपली कला उभी केली, ते तत्त्व आमच्या माणसाच्या हाताच्या बोटावर आधीपासून होते. मात्र त्या बोटाचा उपयोग दुसऱ्यांनी केला.

तो कसा केला याची इतिहासात स्पष्ट नोंद आहे. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सबंध हाताचा ठसा घेतला. कचेरीच्या शिक्क्यासाठी जी तेलकट शाई वापरत, तीच त्याने कोनाईच्या तळव्याला लावली. हेतू एवढाच की या माणसाला धाक बसावा आणि मी सही केलीच नाही असे पुढे त्याला म्हणता येऊ नये. १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. ज्याला अक्षर नाही त्याला बांधून ठेवण्याचे साधन म्हणून ठसा सरकारदरबारी रुजू झाला तो असा.

दुसऱ्याच्या मजकुराखाली अंगठा उमटवणारा माणूस स्वतःच्या हाताने ठोकळा कोरून स्वतःचे चित्र उमटवतो, तेव्हा त्याच्या जीवनात नेमके काय बदलते? या प्रश्नाच्या अनुषंगाने लाकडी ठशाच्या कलेचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. त्यासाठी भंडारा जिल्ह्याची भूमी निवडली आहे. भंडारा हे काही कलाशाळांचे गाव नव्हे. ते पितळेच्या भांड्यांचे, धानाचे, कोशाच्या कापडाचे आणि बिडीचे गाव आहे. परंतु या कलेच्या इतिहासातील महत्त्वाचे प्रश्न या जिल्ह्याच्या मातीत पाय रोवून नीट दिसतात, असे मला वाटते.

२

प्रथम कृती समजून घेऊ. लाकडाचा सपाट, घासून गुळगुळीत केलेला ठोकळा घ्यावा. त्यावर चित्र उलटे काढावे, कारण छापताना डाव्याचे उजवे होते. कागदावर जे पांढरे राहावे असे वाटते ते पटाशीने, कोरणीने काढून टाकावे. जे काळे हवे त्याला हात लावू नये. मग रुळाने शाई फिरवावी, वर कागद ठेवावा आणि दाब द्यावा. दाब देण्यासाठी यंत्र असलेच पाहिजे असे नाही. जेवणाच्या चमच्याची पाठ कागदावर घोटली तरी चित्र उमटते. एका ठोकळ्यावरून दहा प्रती निघतात तशा हजारही निघतात.

लाकूड कोरण्याच्या दोन रीती आहेत. खोड उभे चिरून केलेल्या फळीवर सुरीने व पटाशीने कोरणे ही जुनी रीत. यात लाकडाचे दोरे आडवे येतात, रेषा ठसठशीत आणि रांगडी येते. दुसरी रीत खोड आडवे कापून त्याच्या माथ्यावर बारीक टोकाच्या कोरणीने खोदण्याची. येथे दोरा आडवा येत नाही, म्हणून केसासारखी रेषा काढता येते. बॉक्सवूड नावाचे घट्ट लाकूड त्यासाठी वापरत. इंग्लंडमधील थॉमस ब्यूइक (१७५३-१८२८) याने ही दुसरी रीत पूर्णत्वाला नेली. त्याचे चतुष्पाद प्राण्यांवरील पुस्तक १७९० साली आले आणि पक्ष्यांवरील पुस्तकाचा पहिला खंड १७९७ साली.

ठोकळ्याची उंची शिशाच्या खिळ्याएवढी, म्हणजे ०.९१८ इंच ठेवली की चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबाने छापता येतात. तांब्यावर खोदलेल्या चित्राला ही सोय नाही. ते वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापावे लागते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील वर्तमानपत्रे आणि स्वस्त पुस्तके लाकडी ठोकळ्यांवर जगली. श्रीमंताच्या दिवाणखान्यातील चित्र तांब्यावरचे आणि गरिबाच्या हातातील चित्र लाकडावरचे, अशी ही विभागणी होती.

आणखी एक विभागणी त्यात होती आणि ती आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. चित्र काढणारा एक आणि कोरणारा दुसरा. काढणारा कलावंत ठरे, कोरणारा कारागीर. मोठ्या कारखान्यांत एकच चित्र अनेक तुकड्यांत कापून अनेक कोरक्यांना वाटून देत. आपण कोणाचा हात कोरतो आहोत की कोणाचे तोंड, हेही त्यातल्या कित्येकांना कळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रावरून जस्ताचे ठोकळे तयार होऊ लागले आणि कोरक्यांचा हा धंदा बुडाला. धंदा बुडाला तेव्हाच लाकडी ठसा स्वतंत्र कला म्हणून उभा राहिला. कारण आता चित्रकाराने स्वतः पटाशी हातात घेतली. कल्पना करणारे डोके आणि कोरणारा हात एकाच माणसाचे झाले.

युरोपात ही एका तंत्रातील घटना होती. आपल्या देशात तिचा अर्थ किती मोठा आहे! जातीने केवळ काम वाटून दिले नाही, तर काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून श्रेणीने वरखाली बसवली, हा बाबासाहेबांचा १९३६ सालचा मुद्दा आहे. जेथे डोके आणि हात वेगवेगळ्या जातींत जन्माला घातले गेले, तेथे स्वतः विचार करून स्वतः कोरणारा माणूस ही साधी गोष्ट राहत नाही.

३

आता थोडे मागे जाऊ. तारीख स्पष्ट छापलेले जगातील सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक लाकडी ठोकळ्यांवरून छापलेले आहे आणि ते बौद्ध आहे. वज्रच्छेदिका सूत्राची ती चिनी भाषेतील गुंडाळी. तिच्यावर इसवी सन ८६८ मधील तारीख आहे. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांसाठी ती छापवून सर्वांना विनामूल्य वाटली, अशी नोंद तिच्या शेवटी आहे. आरंभी एक चित्र आहे: आसनावर बसलेला बुद्ध आणि समोर गुडघे टेकून प्रश्न विचारणारा वृद्ध शिष्य सुभूती. तुन-हुआंगच्या गुहेत सापडलेली ही गुंडाळी १९०७ साली ऑरेल स्टाइनने मिळवली. आज ती लंडनमध्ये आहे. हे चित्र कोणी काढले, लाकूड कोणी कोरले, त्याचे नाव त्यावर नाही. पण प्रश्न विचारणारा माणूस आणि उत्तर देणारा गुरू, आणि ते उत्तर कोणालाही फुकट मिळावे म्हणून केलेली छपाई, ही कल्पना ज्या धम्मातून आली तो धम्म आपल्या देशातला होता.

आपल्या देशातला म्हणजे आपल्या जिल्ह्यातलाही. वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० च्या सुमारास नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली मोठा स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर उठावाची शिल्पे आहेत, दान देणाऱ्यांची ब्राह्मी लिपीतली नावे आहेत, नागराज मुचलिंद आहे. ही कामे इसवी सनापूर्वीची आहेत. उपासक येतो, दगड देतो, कारागीर तो कोरतो आणि देणाऱ्याचे नाव दगडावर सर्वांना वाचता येईल असे राहते. भंडाऱ्याच्या भूमीवरील उठावाचे हे पहिले पान आहे.

मग प्रश्न असा उपस्थित होतो की जो धम्म चीनमध्ये गेल्यावर छापला गेला, तो येथे का छापला गेला नाही? येथे ठसा नव्हता असे नाही. इजिप्तमधील फुस्तात या जुन्या शहराच्या उकिरड्यात भारतीय सुती कापडाचे तुकडे सापडले आहेत. ते गुजरातेतून गेलेले, लाकडी ठशांनी छापलेले आहेत आणि त्यांतले जुने शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे लाकूड कोरणारा हात येथे होता, रंग होता, दाब देण्याची रीत होती. अक्षरही होते, ताम्रपटांवर ते खोदले जात होते. कागद येथे उशिरा आला हे खरे. पण तो आल्यानंतरही काही शतके कापडावरचा ठसा कागदावर आला नाही. छापखाना आला तो १५५६ साली गोव्यात, पोर्तुगीज पाद्र्यांच्या जहाजातून.

याचे कारण केवळ तंत्रात शोधून चालणार नाही. ठसा रंगाऱ्याजवळ आणि छिप्याजवळ होता. अक्षर ब्राह्मणाजवळ होते. ज्याच्याजवळ ठसा होता त्याला अक्षराची बंदी होती आणि ज्याच्याजवळ अक्षर होते त्याला ते हजार लोकांच्या हाती जाऊ द्यायचे नव्हते. विद्या मुखात ठेवली की तिच्या दारावर पहारा ठेवता येतो. ठोकळ्यावर चढली की पहारा संपतो. ठसा आणि अक्षर शेजारी शेजारी राहिले, पण जातीने त्यांची गाठ पडू दिली नाही. हे माझे मत आहे; ते खोडून काढणारा पुरावा कोणी पुढे आणला तर त्याचे स्वागतच होईल.

गाठ पडली तेव्हाही ती कशी पडली पाहा. नाना फडणविसांच्या प्रेरणेने पुण्यात एक तांबट तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे खोदायला शिकला. पुढे ते काम मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले आणि १८०५ साली छापून निघाली ती भगवद्गीता. खोदणारा तांबट, छापली गेली गीता. भंडाऱ्याच्या बाजारात आजही पितळेचे भांडे घेतले की दुकानदार बारीक छिन्नीने त्यावर नाव घालून देतो. ती कला आणि मिरजेची कला एकाच घराण्यातल्या. पण ज्यांना धातूचे भांडे वापरण्याचाच हक्क नव्हता त्यांचे नाव त्यावर कोण घालणार? १९३५ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली, तेवढ्यासाठी त्यांच्यावर हल्ला झाला. बाबासाहेबांनी तो प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

छापखाना मुंबईत आला तेव्हा सनातनी मंडळी छापील कागदाला शिवायला कचरत. शाईत चरबी असते अशी त्यांची समजूत होती. म्हणून धार्मिक पोथ्या छापण्यासाठी तुपाची शाई वापरल्याच्या हकिकती जुन्या मुंबईच्या वर्णनात येतात. शाईला विटाळ! पण या मंडळींना एक गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून ती सोयीने विसरली गेली. रूळ येण्यापूर्वी जगभर अक्षरांना शाई लावली जाई ती चामड्याच्या गोळ्यांनी. पुढे रूळ आले ते सरस आणि गूळ-काकवीसारखा गोड पाक आटवून ओतलेले. आणि सरस निघतो तो जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून. गीता छापा की ज्ञानेश्वरी छापा, ढोरा-चांभाराच्या आणि महाराच्या हाताखालून गेलेले कातडे यंत्रात फिरल्याशिवाय एकही ओळ कागदावर उमटत नव्हती. छपाईच्या इतिहासात आमचे नाव नाही, पण आमचे श्रम रुळाला चिकटलेले आहेत.

४

विदर्भातील महार कोतवाल गावात दवंडी देत असे. त्याचा आवाज गावभर जाई, पण त्या आवाजातला शब्द त्याचा नसे. पाटलाचा, मालगुजाराचा, सरकारचा निरोप तो आपल्या छातीतून ओरडून सांगे. या पार्श्वभूमीवर अस्पृश्यांच्या वृत्तपत्रांचा जन्म समजून घेतला पाहिजे. नागपुरात किसन फागोजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना घातला. 'मजूर पत्रिका' १९१८ साली आणि 'चोखामेळा' १९३१ साली काढला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत'. दवंडी देणाऱ्याला प्रथमच स्वतःचा शब्द मिळाला.

शब्द मिळाला, चित्र मात्र मिळाले नाही. ही वृत्तपत्रे पैशाअभावी धडपडत होती. जस्ताचा ठोकळा करवून घ्यायचा तर पैसे पडत. त्यामुळे आपल्या चळवळीचा सुरुवातीचा मोठा इतिहास शब्दांत आहे, चित्रांत जवळजवळ नाही. एकच उदाहरण देतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतर दहा दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. दांडीच्या गांधींचे चित्र नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनात त्याच वर्षी लिनोलियमवर कोरले: काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काढलेला, काठी टेकत चालणारा एक माणूस. ते चित्र पुढे देशाच्या स्मरणात कायमचे बसले. नाशिकच्या दारावर उभ्या राहिलेल्या हजारो स्त्रीपुरुषांचे तसे एखादे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते काय? दोन्ही घटना एकाच महिन्यातल्या. एका घटनेला कोरणारा हात मिळाला, दुसरीला मिळाला नाही. राष्ट्राची स्मृती अशीही घडते.

आमच्या माणसांना चित्र वाचता येत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. भंडारा जिल्हा या बाबतीत साक्षीदार आहे. १९५४ च्या मे महिन्यात बाबासाहेब भंडाऱ्याची पोटनिवडणूक राखीव जागेवर लढले. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती. ज्याला आपले नाव लिहिता येत नव्हते, त्याने आयुष्यभर अंगठा दिला होता; आता तोच माणूस हत्तीचे चित्र पाहून स्वतःच्या इच्छेने कागद पेटीत टाकत होता. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी पराभूत झाले. तो पराभव आजही या जिल्ह्यातील जुन्या माणसांच्या मनात सलतो. पण चिन्हाच्या त्या चित्राने जे केले त्याची नोंद झाली पाहिजे. चित्र आणि सत्ता यांचा संबंध आमच्या माणसाला तेव्हा हाताने कळला.

दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धर्मांतर झाले. त्याचा एक परिणाम छापखान्याच्या खणात दिसला. जुन्या छापखान्यात एक खण तयार ठोकळ्यांचा असे. गणपती, कलश, सनई-चौघडा, जोडलेले हात. लग्नपत्रिका आली की जुळारी त्यातला एक उचलून खिळ्यांच्या डोक्यावर बसवी. माझ्या लहानपणी घरातल्या एका लग्नाची पत्रिका छापायला वडिलांबरोबर मी जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. वडिलांनी सांगितले, गणपती नको, बुद्ध हवा. मालकाने खण पुरा बाहेर ओढून आमच्यापुढे ठेवला. बुद्ध नव्हता. 'मग रिकामे ठेवू का?' त्याने विचारले. त्याचा स्वर वाईट नव्हता, त्याला खरोखरच दुसरे काही सुचत नव्हते. अखेर कमळ छापले. घरी येताना वडील एवढेच म्हणाले, 'खण त्यांचा आहे ना.'

त्यानंतर बुद्ध आला, अशोकचक्र आले, बाबासाहेबांचा कोटातला अर्धपुतळा आला. आमच्या लग्नपत्रिकांचे माथे बदलले. कोणत्याही ठरावापेक्षा हा बदल खोल होता, कारण तो प्रत्येक घराच्या भिंतीपर्यंत पोहोचला. पण हे ठोकळे कोणी तयार केले? शहरातल्या ब्लॉक कारखान्याने, छायाचित्रावरून. आमच्या हाताने कोरलेले ते नव्हते. देव बदलला, खण तसाच राहिला.

५

जगात इतरत्र काय घडले ते पाहिले पाहिजे. जर्मनीतील केथे कोलविट्झ या स्त्री चित्रकाराने कार्ल लीबक्नेख्ट या मारल्या गेलेल्या कामगार नेत्याच्या स्मरणार्थ चित्र करायला घेतले. तिने ते आधी धातूवर केले, मग दगडावर केले. समाधान झाले नाही. अखेर १९२० साली लाकडावर कोरले. मृताभोवती वाकलेले मजूर, त्यांचे जाडजूड हात. तिचा मुलगा १९१४ साली महायुद्धात मारला गेला होता. १९२२-२३ मध्ये तिने युद्धावरील सात लाकडी ठसे केले. त्यांतल्या पहिल्या चित्रात एक आई आपले मूल दोन्ही हातांनी पुढे धरते. तेच चित्र चिनी लेखक लू शुन याने १९३१ साली शांघायच्या एका मासिकात छापले, कारण त्याचा तरुण लेखक-मित्र रौ शी याला त्याच वर्षी गोळी घालण्यात आली होती आणि त्याच्याबद्दल उघड लिहिणे शक्य नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लू शुनने तरुण चित्रकारांसाठी सहा दिवसांचा लाकडी ठशांचा वर्ग भरवला. एक जपानी शिक्षक शिकवीत होता आणि लू शुन स्वतः दुभाष्या होता. पुढच्या काळात चीनच्या लढ्याची चित्रे या वर्गाच्या परंपरेतून निघाली. ज्या देशात हजार वर्षांपूर्वी वज्रच्छेदिका लाकडावर कोरली गेली, त्या देशातील तरुणांना तीच कला पुन्हा नव्याने शिकावी लागली. परंपरा तुटू शकते आणि पुन्हा जोडताही येते, एवढा धडा आपण यातून घ्यावा.

आपल्याकडे चित्तप्रसाद. जन्म १९१५. भट्टाचार्य हे जातीचे आडनाव त्यांनी टाकून दिले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते पायी फिरले. त्या चित्रांची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली. पुढे ते मुंबईत अंधेरीला राहिले आणि तेथे वर्षानुवर्षे लिनोलियम कोरीत बसले. बूट पुसणारी, ओझे वाहणारी, फुटपाथवर झोपलेली मुले त्यांनी कोरली. १९७८ साली ते वारले. महाराष्ट्राने आपल्या दारात राहिलेल्या या माणसाची किती दखल घेतली, हा वेगळा प्रश्न आहे.

त्याच १९१५ साली अमेरिकेत एलिझाबेथ कॅटलेट जन्मली. तिचे आजी-आजोबा गुलाम होते. मेक्सिकोतील लोकांच्या छापखान्यात, १९३७ साली स्थापन झालेल्या त्या कलावंतांच्या संघटनेत जाऊन तिने १९४६-४७ मध्ये काळ्या स्त्रीच्या जीवनावर लिनोलियमची चित्रमालिका केली. १९५२ साली तिने वाट्याने शेती करणाऱ्या एका स्त्रीचे मस्तक कोरले: रुंद काठाची टोपी, गळ्याशी अंगरख्याला लावलेली सेफ्टी पिन, आणि वर रोखलेली नजर. ही स्त्री दया मागत नाही. ती तुमच्याकडे पाहतही नाही. तिची नजर तुमच्या पलीकडे आहे.

येथे आपल्या साहित्यातील जुना वाद उभा राहतो. सहानुभूतीने काढलेले चित्र आणि स्वानुभवातून आलेले चित्र यांत भेद आहे काय? चित्तप्रसादांची करुणा खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांच्या चित्रातील उपाशी मूल आपल्याकडे पाहते ते मदतीसाठी. कॅटलेटची स्त्री मदत मागण्याच्या पुढे गेलेली आहे. फरक तंत्रात नाही, दोघांचे साधन एकच. फरक कोरणारा कोठे उभा आहे याचा आहे. दलित कवितेने १९७२ च्या आसपास शब्दात जो नकार उभा केला, त्याचे चित्रातले रूप याच जागेवरून येऊ शकते.

ते आले नाही असेही नाही. १९६१ साली नागपुरात जन्मलेले सवी सावरकर बडोद्याला मुद्राचित्रणाचे शिक्षण घेऊन देवदासी, गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य, मनू यांची चित्रे करीत आले. त्यांचे गाजलेले काम प्रामुख्याने आम्लाने खोदलेल्या धातूच्या पत्र्यावरचे आहे. पत्रा खोदला जातो आणि खोदलेल्या चरात शाई साठते. म्हणजे उठावाच्या नेमके उलटे. पण ज्या मडक्याने आमची थुंकी जमिनीपासून अडवली ते मडके चित्राचा विषय झाले आणि छापून जगापुढे गेले, हे महत्त्वाचे. आपल्याच जिल्ह्यातील लाखनीला १९२८ साली जन्मलेले भाऊ समर्थ यांची रेखाचित्रे हिंदी-मराठी नियतकालिकांतून छापून येत. म्हणजे रेषेला या भागात दुष्काळ नाही.

६

आता खिळ्यांचे छापखाने बहुतेक संपले. ऑफसेट आले, त्यामागून संगणक आला आणि १४ एप्रिलला चौकाचौकात फ्लेक्सचे फलक लागतात. त्यावर बाबासाहेबांपेक्षा शुभेच्छुकांची छायाचित्रे अधिक असतात. शिसे वितळवून विकले गेले, लाकडी खिळे आणि ठोकळे भंगारात गेले किंवा चुलीत गेले. ज्या खणात एके काळी आमचा बुद्ध नव्हता, तो खणच आता नाही. याचे दुःख करीत बसण्याचे कारण नाही. त्या खणाने आमच्यावर काही उपकार केले नव्हते. पण ज्या ठोकळ्यांवरून आमच्या पहिल्या जयंत्यांची पत्रके, धर्मांतराची आमंत्रणे आणि पहिल्या बौद्ध लग्नांच्या पत्रिका छापल्या गेल्या, ते आमच्या इतिहासाचे दस्तऐवज आहेत. पेटीच्या तळाशी पडलेली अशी प्रत्येक पत्रिका कोणीतरी गोळा केली पाहिजे. शिलालेख जमवणारे विद्वान त्या गोळा करणार नाहीत. ते काम आपलेच आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एखाद्या कलेला लागणारी सामग्री पाहून ती कोणाची कला होऊ शकते हे ओळखता येते. तैलरंगाला पैसा लागतो. पाषाणाला आश्रयदाता लागतो. लाकडी ठशाला शिवणीचा किंवा सागाचा टाकाऊ तुकडा, सुताराची पटाशी, थोडी शाई आणि एक चमचा लागतो. भंडाऱ्याच्या गावोगावी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल ओढतात. ते बैल घडवणारे सुतार अजून आहेत. पितळेवर नाव घालणारे हात अजून आहेत. हजार विड्यांच्या दरावर दिवसभर बसणाऱ्या आमच्या बायका आहेत. त्यांच्या बंडलांवर कोणा ना कोणा मालकाची छाप असते. त्यांचे स्वतःचे तोंड कोणत्याही कागदावर छापलेले नाही. वसतिगृहात शिकणाऱ्या एखाद्या मुलीने आपल्या आईचे ते तोंड लाकडावर कोरले आणि त्याच्या शंभर प्रती काढून वस्तीत वाटल्या, तर तिला कोणत्याही कलादालनाची परवानगी लागणार नाही.

मराठीत उठाव या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, पृष्ठभागावर वर आलेली आकृती. दुसरा, बंड. ठोकळा कोरताना दोन्ही अर्थ एकच होतात. जे नको ते पटाशीने काढून टाकायचे, आणि जे उरते ते उभे राहते, शाई घेते, उमटते. आमच्या बापजाद्यांच्या अंगठ्यावर ही उभी रेषा जन्मतःच होती. सावकाराने तिच्यावर शाई लावली आणि ती आपल्या कागदावर दाबून घेतली. त्याच हाताने आता पटाशी धरायची आहे. कागद आपला असेल, मजकूर आपला असेल, आणि खालचा ठसा कोणाच्या धाकाने दिलेला नसेल.